मुद्देमालाची खोली

“पुढे सरक, कोयना,” मी हळूच म्हणाले. “मागच्या मुली खोळंबल्यात.”

कोयना सरकली नाही. तिच्या हातातल्या तबकात निरांजन होतं, हळदकुंकू होतं, अक्षता होत्या आणि एकच राखी होती. समोरच्या खुर्चीवर हवालदार सर्जेराव डुबल उजवं मनगट पुढे करून बसले होते. औक्षणाला डोकं झाकलेलं लागतं म्हणून रांगेतल्या सगळ्या पोलिसांनी टोप्या घातल्या होत्या, आणि श्रावणातल्या उघडिपीच्या उन्हात सगळ्यांच्या कपाळावर घाम आला होता. गावचा वार्ताहर एक गुडघा टेकून कॅमेरा डोळ्याला लावून थांबला होता.

“बांध की बाळ,” सर्जेरावदादा म्हणाले. हसतच म्हणाले.

ती त्यांच्या मनगटाकडे बघत उभी राहिली. तिथे माझी राखी आधीच बांधलेली होती.

माळसांगवीच्या पोलीस ठाण्यात शाळेतल्या मुलींना राख्या बांधायला न्यायचं, ही प्रथा मीच सुरू केली होती. तिला कारण होतं. शाळेच्या मागे कठडा ढासळलेली एक विहीर होती. माझी पल्लवी तेव्हा बालवाडीत होती आणि चेंडूच्या मागे धावता धावता ती त्या विहिरीत पडली. बायका काठावर गोळा होऊन ओरडायला लागल्या, आमच्यातले दोन धडधाकट शिक्षक दोर शोधायला म्हणून जे पळाले ते पळालेच. सर्जेराव डुबल समन्स वाटायला सायकलवरून चालले होते. त्यांनी सायकल रस्त्यातच टाकली आणि बुटांसकट उडी मारली. त्यांना पोहता जेमतेम येत होतं, हे नंतर कळलं. पोरीला खांद्यावर घेऊन, एका हाताने कपारीला धरून, दोर येईपर्यंत ते लोंबकळत राहिले. वर आले तेव्हा त्यांचं कपाळ फुटलेलं होतं.

म्हणून आधीच सांगून ठेवते. हा माणूस शूर होता. त्यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्या वर्षापासून मी त्यांना भाऊ मानलं आणि त्यांनीही ते नातं मनापासून पाळलं.

गावाने मात्र त्या उडीचं भलतंच करून टाकलं. चौकात फलक लागला, पंधरा ऑगस्टला सत्कार झाला, आणि मग हळूहळू ठाण्यातला झाडून सगळा स्टाफ वीर ठरला. आमचे मुख्याध्यापक लोखंडे सर यांना भाषणाची भारी हौस. “अंगावर खाकी चढली की माणूस वीरच,” हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे, की पोरं ते त्यांच्याआधीच ओठातल्या ओठात म्हणून टाकायची. त्या दिवशीही कडुनिंबाला बांधलेल्या कापडावर आमच्या चित्रकलेच्या सरांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘वीर पोलीस बंधूंना रक्षाबंधनाच्या शुभेच्छा’. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्या भावाचं कौतुक कुणाला नको असतं?

कोयना काळे नववीत होती. गावाबाहेरच्या माळावर फासेपारध्यांची वस्ती होती, आणि त्या वस्तीतून शाळेत येणारी ती एकटीच मुलगी. शेवटच्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. एकदा माझा तास चालू असताना वर्गातच तितर ओरडला. सगळी पोरं खिडकीकडे धावली. बाहेर काही नव्हतं. तोंडाशी दोन्ही हात धरून बसलेली कोयना तेवढी जागची हलली नव्हती. मी रागावले, आणि तास संपल्यावर तिला विचारलं, तेव्हा कळलं की पूर्वी तिच्या वडिलांच्या पिढीत असा आवाज काढून पाखरं जवळ बोलवायचे. आता पाखरं धरत नाहीत, पण आवाज राहिलाय. तिचा थोरला भाऊ राजमल संध्याकाळी कामावरून येताना माळाच्या टोकावरून तितरासारखा आवाज देतो. तिने वस्तीवरून तसाच उलट आवाज दिला की आई चुलीवर तवा टाकते. हे सांगताना ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली होती.

राखीपौर्णिमेच्या आधीच्या बुधवारी सोनाराचं दुकान फुटलं. आमच्याकडे कुठेही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी वस्तीवर जायची, आणि गावाला त्याची इतकी सवय झाली होती की कुणी मान वर करून बघायचंही नाही. दुपारी गाडी गेली आणि राजमलला घेऊन आली. तो विशीतला पोरगा एका द्राक्षबागेवर राखणीला होता. त्याची आई ठाण्याच्या फाटकासमोर येऊन बसली, तर तिला सांगितलं की तुझा पोरगा इथे नाही, आणलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणला होता पण पळून गेला. हे ऐकून ती बाई जागीच कोसळली. वस्तीवरचा आणखी एक माणूस पूर्वी असाच ‘पळून गेला’ होता, आणि नंतर रेल्वेच्या रुळांवर सापडला होता.

कोयना रडत माझ्याकडे आली. मी म्हटलं, थांब, मी विचारते. माझा भाऊच आहे तिथे. बाजारात सर्जेरावदादा कोथिंबीर निवडत उभे होते, त्यांना मी बाजूला घेतलं.

“इथं न्हाई तो, बाई,” ते म्हणाले. “असता तर तुमच्यापासनं लपवलं असतं का मी?”

माझी पोर ज्याने पाण्यातून वर काढली, त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं की तुम्ही खोटं बोलताय? मी कोयनाला जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “बाई, राखीच्या कार्यक्रमाला मला घ्या.”

मला नवल वाटलं. वस्तीवरची माणसं ठाण्याच्या रस्त्यानेसुद्धा जात नसत. मला वाटलं, साहेबांच्या पाया पडायचं असेल बिचारीला. लोखंडे सरांनी कुरकुर केली, नको ती मुलगी कशाला म्हणाले. मी म्हटलं, सर, वीर बंधूंना सगळ्याच बहिणी सारख्या असतील ना? मग त्यांनी यादीत तिचं नाव घातलं.

कार्यक्रमाच्या आधी नवे फौजदार निकम साहेब मुलींना ठाणं दाखवत फिरले. मोठे हौशी होते. वायरलेस दाखवला, बेड्या हातात घेऊ दिल्या, आणि मग कोठडी दाखवली. कोठडी रिकामी होती. फरशी नुकतीच धुतलेली, अजून ओली. “बघा मुलींनो,” ते म्हणाले, “एकही गुन्हेगार नाही. ही तुमच्या भावांची कामगिरी.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. कोयना गजाला हात लावून आतल्या ओल्या फरशीकडे बघत राहिली. बोळाच्या टोकाला एक खोली होती, दाराला मोठं कुलूप. ते काय, असं एका मुलीने विचारलं. ती मुद्देमालाची खोली, साहेब म्हणाले, चोरांकडून जप्त केलेल्या वस्तू ठेवतो, बघण्यासारखं काही नाही, चला बाहेर.

आणि आता कोयना तबक घेऊन उभी होती आणि पुढे सरकत नव्हती.

लोखंडे सर तरातरा आले. दात आवळून त्यांनी तिला शिस्तीबद्दल काहीतरी सुनावलं. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“ही राखी ह्यांची न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या भावाची हाय.”

निकम साहेब हसले. मग तुझा भाऊ कुठाय, असं त्यांनी लाडाने विचारलं.

“तुमी सांगा.”

साहेबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी मुलीचं नाव सांगितलं. काळे म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. त्या पोराचा आम्हाला काही पत्ता नाही, ते म्हणाले, पळालेला आहे, आम्हीच शोधतोय. आणि मग मला म्हणाले, बाई, तुम्ही समजावून सांगा तिला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकदा मी तिला ते सांगितलं होतं. दुसऱ्यांदा तेच तोंडातून निघेना.

कोयनाने तबक खाली मातीत ठेवलं. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तितराचा आवाज दिला.

तो आवाज इतका हुबेहूब होता की कडुनिंबावरच्या चिमण्या उडाल्या. काही मुली फिदीफिदी हसल्या, त्यांना वर्गातली गंमत आठवली. मग अंगण शांत झालं. कुठूनच काही आलं नाही. ती काय करत होती ते मला आत्ता कळलं होतं, आणि उत्तर येत नव्हतं. हा काय तमाशा चाललाय, असं साहेब लोखंडे सरांना म्हणत होते. कोयनाने डोळे मिटून पुन्हा आवाज दिला, आधीपेक्षा मोठा आणि लांब.

तेव्हा उत्तर आलं. माळावरून नाही. ठाण्याच्या मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका होता, तिकडून आलं. आवाज फाटका होता, मध्येच तुटला, पुन्हा जुळला. पण तितराचाच होता. कोयनाने डोळे उघडले आणि तिसऱ्यांदा हाक दिली, आणि पुन्हा तिकडून तेच आलं. या वेळी कुणी हसलं नाही.

“माळ जवळ आहे,” साहेब म्हणाले. “पाखरं असतात.”

“मुद्देमालाच्या खोलीत?” मी म्हणाले.

हे मी बोलून गेले खरी, पण मी एक साधी शिक्षिका, समोर फौजदार, बाजूला आमचे मुख्याध्यापक घामाने चिंब होऊन मला डोळ्यांनी गप्प करत होते. साहेबांनी आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. म्हणाले, कार्यक्रम संपलाय बाई, मुलींना घेऊन निघा. आणि सर्जेरावदादांकडे वळून म्हणाले, “डुबल, खाऊ वाटा.”

खाऊ घेऊन आम्ही फाटकाबाहेर पडलो की काय होणार, ते मला स्वच्छ दिसत होतं. अंधार पडायच्या आत त्या पोराला दुसरीकडे हलवणार, आणि मग तो खरोखरच पळून गेलेला असणार. कोयनालाही ते दिसत होतं. ती फाटकाकडे पाठ करून उभी राहिली.

मी सर्जेरावदादांच्या खुर्चीसमोर गेले. त्यांच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता.

“दादा, आत कोण आहे?”

मान खाली घालून त्यांनी स्वतःच्या मनगटावरची राखी अंगठ्याने फिरवली. गोंडा खाली गेला होता तो वर आणला. कपाळावरची ती जुनी खोक लाल झाली होती.

“डुबल,” साहेब म्हणाले. “खाऊ.”

सर्जेरावदादा उठले. टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या चढून आत गेले. खाऊचा पुडा बाहेरच टेबलावर होता. साहेब दोन पावलं त्यांच्या मागे गेले, पण वार्ताहर उठून उभा राहिला होता आणि शाळेच्या सगळ्या मुली त्या दाराकडे बघत होत्या, तेव्हा ते थांबले. आतून कुलूप काढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

ते बाहेर आले ते राजमलला खांद्याचा आधार देऊन. ज्या खांद्यावर माझी पल्लवी होती त्याच खांद्यावर. पोराला पाय टेकवत नव्हते. तळवे सुजून वांग्यासारखे झाले होते आणि उजेड सहन न होऊन तो डोळे मिचकावत होता. एक मुलगी रडायला लागली आणि मग सगळ्याच रडायला लागल्या. कोयना रडली नाही. तिने मातीतलं तबक उचललं, निरांजन कधीच विझलं होतं, तरी तिने भावाला ओवाळलं. मनगटावर दोराचे वळ होते आणि हात असा सुजला होता की राखीचा धागा जेमतेम पुरला. दात लावून तिने गाठ मारली.

मग आपल्या भाषेत तिने त्याला काहीतरी विचारलं. शब्द मला कळले नाहीत, प्रश्न कळला. राजमलने फक्त मान वळवली आणि ज्याने त्याला धरून ठेवलं होतं, त्याच्या तोंडाकडे बघितलं.

कोयनाने बघितलं. मी बघितलं. सर्जेरावदादांनी नजर खाली टाकली, आणि पोराला पडू न देता ते तसेच उभे राहिले.

पुढचं थोडक्यात सांगते. आम्ही तिथून हललो नाही, आणि साहेबांना सगळ्यांदेखत म्हणावं लागलं की पोराला चौकशीसाठी आणलं होतं. त्याच दुपारी त्याला सरकारी दवाखान्यात दाखल केलं. इतक्या मुलींनी घरी जाऊन सांगितलं होतं की आता तो ‘पळून गेला’ असं म्हणणं कुणाला शक्य नव्हतं. तो वाचला, डावा पाय मात्र कायमचा अधू झाला. सोनाराकडचे चोर काही महिन्यांनी भलत्याच जिल्ह्यात सापडले, आणि ते वस्तीवर जाऊन सांगायची कुणाला गरज वाटली नाही. पेपरात फोटो आला तो खुर्च्यांच्या रांगेचा, हसऱ्या चेहऱ्यांचा. वर मथळा, ‘वीर बंधूंना बहिणींची माया’. निकम साहेब जागेवरच राहिले. सर्जेरावदादांची बदली जिल्ह्याला मुख्यालयात झाली, आणि ती पोराला मारल्याबद्दल नव्हती, दार उघडल्याबद्दल होती. लोखंडे सर दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही जड गेलं नाही.

मला जड गेलं ते वेगळंच. पल्लवीची वेणी घालताना माझ्या मनात यायचं, हिला धरणारा हात आणि राजमलवर काठी चालवणारा हात एकच. मला त्यांचा संताप यायचा आणि पुढच्याच क्षणी त्या विहिरीतलं पाणी डोळ्यांसमोर यायचं. दोन्हीतलं एक खोटं असतं तर मी सुखाने जेवले असते.

पुढच्या राखीपौर्णिमेला ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. साध्या कपड्यांत, एसटीने, हातात पल्लवीसाठी पेढे. पायरीवर बूट काढून आत आले, नेहमीसारखे पाटावर बसले आणि डोक्यावर रुमाल टाकला. मी तबक घेऊन समोर बसले, पण माझा हात राखीकडे जाईना. त्यांनाही ते कळलं. पुढे केलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला.

“बाई, म्या तुमच्या पोरीसाठी उडी मारली ना,” ते म्हणाले, “तवा इचार केला नव्हता. समोर आलं, केलं. त्या पोराला मारलं तवाबी न्हाई केला. साहेब म्हनले, काढ त्याच्याकडनं, आन् मी सुरू झालो. एवढ्या वर्षांत असंच करत आलोय. कुलूप काढायला उठलो तेवढाच काय तो इचार केला. लई भ्या वाटलं.”

मी विचारलं, “हे कोयनाच्या आईला सांगितलंत?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“मग आधी तिथे जाऊन या. ओवाळणी म्हणून मी तेवढंच मागते. राखी आल्यावर बांधते.”

ते बराच वेळ पाटावर बसून राहिले. मला वाटलं आता उठतील आणि तडक स्टँडवर जातील, आणि गेले असते तर मी त्यांना अडवलं नसतं. मग डोक्यावरचा रुमाल त्यांनी घडी करून खिशात घातला आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. बूट घालायला त्यांना फार वेळ लागला. नाडीची गाठ बसेना. विहिरीत उडी मारताना याच माणसाने बूट काढलेही नव्हते.

पल्लवी दाराशी उभी राहून बघत होती. “आई,” ती मला हळूच म्हणाली, “मामा घाबरलेत का गं?”

“हो,” मी म्हणाले.

आमच्या घरासमोरचा रस्ता चौकात फुटतो. डावीकडे एसटी स्टँड, उजवीकडे माळ. सर्जेरावदादा चौकात जाऊन उभे राहिले. जिल्ह्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि ते उजवीकडे वळले.